गाळे हजार, धनी कोणीच नाही

मुंबईच्या भांडुप उपनगरात, लालबहादूर शास्त्री मार्गाच्या कडेला उभारलेली ड्रीम्स मॉलची प्रचंड वास्तू २०२१ च्या मार्चपासून ओस पडली. एके काळी सुटीच्या दिवशी भांडुप, नाहूर, कांजूरमार्ग या परिसरातील मध्यमवर्गीय कुटुंबे जेथे मुलाबाळांसह हिंडत, तेथे पुढे काळवंडलेल्या भिंती, ओढून घेतलेली शटर्स आणि तळघरात साचलेले पाणी एवढेच उरले. शेजारच्या मुलुंडमध्ये याच रस्त्यावर असलेले निर्मल लाइफस्टाइल हे उघड्या प्रांगणाचे, लोकांच्या विशेष आवडीचे संकुल त्याआधीच एकेक दुकान गमावत रिकामे होत गेले आणि अखेर बंद झाले. ज्या पिढीने तेथे पहिल्यांदा सरकत्या जिन्यावर पाऊल ठेवले, त्या पिढीची मुले अजून पुरती कर्तीही झालेली नाहीत, तोवर त्या वैभवाचा इतिहास झाला.

बुलडाणा जिल्ह्यातील धामणगाव बढेच्या वाचकाला या गोष्टीचे काय, असा प्रश्न कोणी विचारील. घाटाखालच्या मोताळा तालुक्यातील हे गाव मुंबईपासून सुमारे पाचशे किलोमीटर दूर. तेथे मॉल नाही. होण्याचे कारणही नाही. परंतु बाजार तेथेही आहे, गाळे तेथेही आहेत, आणि आयुष्यभराची पुंजी दुकानाच्या चार भिंतींत गुंतवून मुलांच्या भवितव्याची आस धरणारी कुटुंबे तेथेही आहेत. शिवाय महानगरात जे आज घडते त्याची नक्कल पंधरा-वीस वर्षांनी तालुक्याच्या गावी होते, हा आपल्या विकासाचा क्रमच झाला आहे. म्हणून भांडुपच्या त्या ओसाड इमारतीकडे केवळ मुंबईकरांची अडचण म्हणून पाहून चालणार नाही.

लालबहादूर शास्त्री मार्ग हा मुळात कष्टकऱ्यांचा रस्ता. कुर्ल्याची प्रीमियर ऑटोमोबाइल्स, कांजूरची क्रॉम्प्टन ग्रीव्हज, भांडुपची सिएट आणि जीकेडब्ल्यू, मुलुंडची रिचर्डसन अँड क्रुडास अशी कारखान्यांची मालिकाच या मार्गाच्या दुतर्फा होती. कोकण, घाट आणि वऱ्हाड-खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांचे संसार या भोंग्यांवर चालले. १९८० नंतर एकेक भोंगा मंदावत गेला. जमिनीचा भाव वस्तूच्या भावाहून चढा झाला, तेव्हा उत्पादनापेक्षा जागाच विकणे फायद्याचे ठरले. गिरणगावात हेच झाले. १९०५ साली सुरू झालेल्या फिनिक्स मिलच्या आवारात विसाव्या शतकाच्या अखेरीस खरेदीचे झगमगते संकुल उभे राहिले. जेथे कापड विणले जात होते तेथे कापड विकले जाऊ लागले. आणि विणणाऱ्याचा मुलगा तेथे गणवेश घालून दारावर उभा राहिला. हा बदल निमूटपणे झाला, कारण बदलाला विरोध करण्याचे बळ असलेली कामगार चळवळ तोवर मोडली होती.

१९९९ हे या इतिहासातील महत्त्वाचे वर्ष. त्या वर्षी मुंबईत हाजी अलीजवळ क्रॉसरोड्स आणि दिल्लीत अन्सल प्लाझा सुरू झाले. क्रॉसरोड्समध्ये सुरुवातीच्या काळात गर्दी आवरण्यासाठी ज्याच्यापाशी मोबाइल फोन किंवा क्रेडिट कार्ड असेल त्यालाच मुक्त प्रवेश आणि इतरांना प्रवेशशुल्क, असा नियम होता. बाजाराच्या दारात माणसाची पत तपासण्याचा हा प्रकार आपल्या परंपरेला सर्वस्वी नवा होता. आपल्याकडे बाजारात राजाही येतो आणि रंकही. घेणारा येतो तसाच नुसता पाहणाराही येतो. पाहणाऱ्याला दुकानदार हाकलत नाही, कारण आजचा पाहणारा उद्याचा गिऱ्हाईक असतो, हे शहाणपण त्याच्या वडिलांनी त्याला दिलेले असते. यथावकाश तो नियम गेला. मॉल उपनगरात आले, तेव्हा त्यांनी दारे सताड उघडली; आणि खरोखर लोकप्रिय झाले ते या उघड्या दारांमुळे.

मॉलवर टीका करताना एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. उपनगरातील मध्यमवर्गाने त्याला जवळ केले ते केवळ चंगळवादाच्या आहारी जाऊन नव्हे. दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या कुटुंबाला चार पावले मोकळेपणाने चालता येईल अशी जागा शहरात उरली नव्हती. मैदाने आक्रसली, उद्यानांची निगा संपली, पदपथ व्यापले गेले. अशा वेळी स्वच्छ फरशी, भरपूर उजेड, बसायला बाक, वापरण्याजोगे स्वच्छतागृह आणि कोणी धक्का मारणार नाही याची खात्री, एवढ्या पाच गोष्टी मॉलने दिल्या. उन्हाळ्यात वृद्धांना गारवा मिळाला. तरुण मुलींना निर्धास्तपणे मैत्रिणींसमवेत दोन तास घालवता आले. महिन्याच्या अखेरीस खिशात पैसे नसतानाही तेथे जाता येत असे, आणि अनेक कुटुंबे केवळ काचेतून पाहून, मुलाला एक आइस्क्रीम घेऊन आनंदाने परत येत. जे नगरपालिकेने द्यायचे ते व्यापाऱ्याने दिले, हे मॉलच्या लोकप्रियतेचे खरे रहस्य होते. त्यामुळे मॉल बंद पडतो तेव्हा दुकाने जातात तसा नागरिकांचा एक ओटाही जातो. दुकानांना पर्याय मिळतो. त्या ओट्याला सहसा मिळत नाही.

मॉल आले तेव्हा दोन भाकिते मोठ्या आवाजात केली गेली होती. एक असे, की आता कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार संपला. दुसरे असे, की भारताच्या व्यापाराला अखेर आधुनिक रूप मिळाले आणि आता मागे वळून पाहणे नाही. दोन्ही भाकिते चुकली. किराणा दुकानदार टिकला. कारण तो उधारी देतो, ताप आला तर घरी सामान पोचवतो आणि गिऱ्हाईकाच्या सुखदुःखात उभा राहतो. उलट कोसळली ती बडी नावे. चेन्नईत १९९७ साली सुरू होऊन देशभर पसरलेली सुभिक्षाची साखळी २००९ मध्ये बंद पडली. २००१ पासून घराघरांत पोचलेल्या बिग बाजारची मालकी असलेला फ्यूचर समूह कर्जाच्या ओझ्याखाली दबला. २०२२ मध्ये त्याच्या किरकोळ व्यापार कंपनीवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली आणि २०२४ मध्ये ती अवसायनात काढण्याचा आदेश झाला. ज्या क्रॉसरोड्सने हे पर्व सुरू केले, ती वास्तूही पुढे सोबो सेंट्रल या नावाने याच समूहाकडे गेली आणि अखेर कर्जफेडीसाठी विकावी लागली.

याचा अर्थ मॉल ही कल्पनाच संपली, असा मात्र नाही. मोठ्या शहरांतील उत्तम व्यवस्थापन असलेल्या मॉलांत आजही पाय ठेवायला जागा नसते. त्याच वेळी नाइट फ्रँक या मालमत्ता सल्लागार संस्थेच्या पाहणीनुसार देशातील आठ प्रमुख शहरांतील ओसाड मॉलांची संख्या २०२२ मध्ये ५७ होती, ती २०२३ मध्ये ६४ झाली. चाळीस टक्क्यांहून अधिक जागा रिकामी असलेल्या मॉलला ही संस्था ओसाड म्हणते. एकाच शहरात, एकाच रस्त्यावर, एका मॉलमध्ये रांगा आणि दुसऱ्यात वटवाघळे, असे का व्हावे? घरबसल्या खरेदीने मॉल बुडवले, हे सोपे उत्तर दिले जाते. पण मोबाइलवरून खरेदी करणारा ग्राहक दोन्ही मॉलांच्या शेजारी सारखाच राहतो. तेव्हा कारण अन्यत्र शोधले पाहिजे.

ते कारण बांधणाऱ्याच्या हिशेबात सापडते. मॉल चालवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात बांधणारा मालकी आपल्याकडेच ठेवतो, दुकाने भाड्याने देतो आणि भाडे टिकावे म्हणून वास्तू नीट राखतो. कोणत्या मजल्यावर कोणते दुकान असावे, गर्दी कोठून कोठे वळावी, जिना कधी दुरुस्त व्हावा, याची काळजी त्याला वाहावी लागते, कारण त्याचे उत्पन्न तिच्यावर अवलंबून असते. दुसऱ्या मार्गात तो एकेक गाळा सुटा विकून टाकतो आणि पैसे घेऊन पुढच्या भूखंडाकडे वळतो. मागे उरतात शेकडो मालक. त्यांतले कित्येक स्वतः दुकान चालवतच नाहीत. भाव वाढेल म्हणून त्यांनी गुंतवणूक केलेली असते. देखभालीची वर्गणी काही भरतात, काही भरत नाहीत. जो भरतो तो काही दिवसांनी विचारतो, की मीच का भरू? मग वातानुकूलन अर्धा दिवस चालते, सरकता जिना थांबतो, स्वच्छतागृहाला कुलूप लागते. गिऱ्हाईक कमी झाले की दुकाने जातात, दुकाने गेली की वर्गणी आटते, वर्गणी आटली की उजेड जातो. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो, असे आपल्याकडे म्हणतात. येथे तर यजमान शेकड्यांनी होते.

ड्रीम्स मॉल हे या दुसऱ्या मार्गाचे सर्वांत दुःखद उदाहरण होय. एचडीआयएल समूहाने उभारलेल्या या वास्तूत हजाराच्या घरात गाळे होते आणि ते सुटे विकलेले होते. पुढे वाद न्यायाधिकरणापर्यंत गेले आणि कारभार प्रशासकाच्या हाती आला. २०१९ मध्ये हा समूहच दिवाळखोरीच्या प्रक्रियेत सापडला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले आणि या समूहाला दिलेल्या कर्जांपायी हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले. म्हणजे एका बाजूला गाळेधारक हवालदिल, दुसऱ्या बाजूला ठेवीदार हवालदिल. आणि दोघेही त्याच मध्यमवर्गातले, निवृत्तीचा पैसा जपणारे, मुलीच्या लग्नासाठी साठवणारे.

ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबईत नागपाडा येथील सिटी सेंटर मॉलला लागलेली आग दोन दिवसांहून अधिक काळ धुमसत राहिली. त्यानंतर मुंबईतील मॉलांची तपासणी झाली, अनेकांना नोटिसा गेल्या. कागद हलले, पण धोका हलला नाही. २५ मार्च २०२१ च्या रात्री ड्रीम्स मॉलच्या खालच्या मजल्यावर आग भडकली. कोरोनाच्या संकटात याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर रुग्णालय चालत होते. धूर वर गेला आणि श्वासासाठी झुंजणाऱ्या रुग्णांपैकी काही जण प्राणास मुकले. उपचारासाठी आणलेल्या माणसाचा अंत मॉलमधील आगीच्या धुराने व्हावा, यापरती व्यवस्थेची विटंबना कोणती? पुढच्याच वर्षी, मार्च २०२२ मध्ये, बंद पडलेल्या त्याच वास्तूला पुन्हा आग लागली. एकदा जळलेले पुन्हा जळू नये एवढी दक्षतादेखील घेणारे कोणी उरले नव्हते.

महाराष्ट्रात यासाठी कायदा नाही असे नव्हे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये इमारतीच्या मालकाने अथवा भोगवटादाराने दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये आपली आगप्रतिबंधक यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र सादर करणे बंधनकारक आहे. वर्षातून दोन वेळा, इतकी साधी तरतूद. पण कायदा कर्तव्य लादतो ते कोणा एकावर. जेथे मालक हजार आणि भोगवटादार अनिश्चित, जेथे बांधणारा निघून गेलेला आणि प्रशासक तिजोरी रिकामी म्हणून हतबल, तेथे प्रमाणपत्र मागायचे कोणाकडे? जबाबदारीचे इतके तुकडे केले की ती कोणाच्याच हाती लागत नाही, आणि मग तिची किंमत तिसऱ्याच कोणाला तरी, रुग्णशय्येवरील निरपराध माणसाला, चुकवावी लागते.

आता धामणगाव बढेसारख्या गावच्या आठवडी बाजाराकडे पाहावे. या बाजारालाही एक मालक नसतो. पण त्याला धनी असतो. ग्रामपंचायत बाजाराचा हर्रास करते, हर्रास घेणारा बाजारकर वसूल करतो, आणि कोणाचे पाल कोठे पडायचे हे वर्षानुवर्षांच्या रिवाजाने ठरलेले असते. मिरचीवाला, भांडेवाला, बांगडीवाली, गोडीशेवेचे दुकान, भाजीची ओळ, प्रत्येकाची जागा सर्वांना ठाऊक. एखादा विक्रेता दोन आठवडे आला नाही तर शेजारचा चौकशी करतो. बाजार उठल्यावर जागा मोकळी होते आणि पुढच्या आठवड्यापर्यंत गावाची होते. येथे वीजबिल थकून अंधार पडण्याचा प्रश्न नाही, कारण बाजार सूर्याच्या उजेडात भरतो आणि मावळतीला विरतो. शतकानुशतके टिकलेल्या या रचनेचे बळ तिच्या स्वस्ताईत आहे, तसेच परस्परांच्या ओळखीतही आहे.

तथापि आपल्या बाजाराचे गोडवे गाऊन थांबणे म्हणजे आत्मवंचना ठरेल. ज्या पाच गोष्टींसाठी उपनगरातील स्त्री मॉलमध्ये गेली, त्या पाचही गोष्टी गावच्या बाजारात आजही बहुधा नसतात. सकाळपासून संध्याकाळपर्यंत भाजी घेऊन बसणाऱ्या बाईला जवळपास स्वच्छतागृह नसते, म्हणून ती दिवसभर पाणी पीत नाही. वैशाखातल्या वऱ्हाडी उन्हात सावली नसते. पावसाळ्यात चिखल तुडवतच खरेदी होते. बाजारकर नियमाने वसूल होतो, पण त्यातला किती पैसा बाजाराच्या जागेवर परत खर्च होतो, हा प्रश्न ग्रामसभेत क्वचितच विचारला जातो. कुरिअरचे खोके आता खेड्यातही येते. गावची सून मोबाइलवर साडी मागवते, तेव्हा तिला दोष देण्यापूर्वी, तिला निवांतपणे साडी पाहता येईल अशी जागा आपल्या बाजारात आहे का, हे पाहिले पाहिजे.

आणि याहूनही चिंतेची बाब म्हणजे मॉलचा तो दुसरा, घातक मार्ग आता तालुक्यांच्या गावी पोचला आहे. बसस्थानकाशेजारी, बाजार समितीच्या आवाराजवळ, मुख्य रस्त्याच्या वळणावर व्यापारी संकुले उभी राहतात. तळमजल्याचे गाळे चढ्या भावाने विकले जातात. वरचे मजले गुंतवणूक म्हणून घेतले जातात आणि कित्येकदा रिकामेच राहतात. जिन्याखाली कचरा, स्वच्छतागृहाला कुलूप, उघड्या विजेच्या तारा, आणि त्याच इमारतीत वर शिकवणी वर्ग, एखादे छोटे रुग्णालय, पतसंस्थेचे कार्यालय. भांडुपच्या इमारतीत जे होते ते सर्व येथे लहान आकारात आहे. ते मोठे होण्याची वाट पाहायची काय?

मार्ग आपल्याच अनुभवात आहेत. १९४८ साली नायगावच्या कामगार वस्तीत सुरू झालेल्या अपना बाजारने ग्राहकांनी आपले दुकान आपण चालवायचे, हा विचार मुंबईला दिला. १९७४ मध्ये पुण्यातून बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, आणि पुढच्याच वर्षी सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारच्या कुटुंबांचे गट करून महिन्याचे वाणसामान एकत्र आणून वाटण्याची पद्धत रुजवली. ना चकचकीत दुकान, ना जाहिरात. शेजाऱ्याच्या दिवाणखान्यात धान्याची पोती येत आणि घरोघरच्या गृहिणी तराजू हाती घेत. सहकारालाही पुढे ग्रहणे लागली, हे खरे. पण ज्या व्यवहारात माणसे एकमेकांना हिशेब देण्यास बांधलेली असतात तो व्यवहार टिकण्याची शक्यता अधिक, हा त्यातला धडा कालबाह्य झालेला नाही.

म्हणून काही गोष्टी प्रत्येक गावातील जागरूक नागरिकांनी हाती घेण्यासारख्या आहेत. गाळा घेण्यापूर्वी भाव विचारला जातो, तसाच इमारत बांधणारा मागे राहणार की जाणार, देखभालीची संस्था नोंदली गेली आहे की नाही, आणि तिच्याकडे राखीव निधी आहे की नाही, हे विचारले गेले पाहिजे. गाळेधारकांनी पहिल्याच वर्षी संस्था स्थापून वर्गणी आणि हिशेब फलकावर लावला पाहिजे. वाद सुरू झाल्यावर स्थापलेली संस्था ही वादाचीच शाखा होते. नगरपालिका क्षेत्रात जानेवारी आणि जुलैची आगसुरक्षा प्रमाणपत्रे मागण्याचे काम कोणा अधिकाऱ्याच्या मर्जीवर न सोडता व्यापारी संघटनांनी आणि शिकवणीला मुले पाठवणाऱ्या पालकांनी स्वतः केले पाहिजे. आणि ग्रामसभेत एक साधी मागणी झाली पाहिजे : बाजारकराच्या रकमेतून आधी बाजाराच्या जागी पाणी, सावली आणि स्त्रियांसाठी स्वच्छतागृह, मग बाकीचे.

यात कोठेही मोठी क्रांती नाही, मोठे भाषण नाही. परंतु समाजाचे आरोग्य अशाच लहान जबाबदाऱ्यांवर उभे असते. जी वास्तू सर्वांची आहे ती कोणाचीच नाही, असे मानण्याची सवय आपल्याला जडली आहे. घराचा उंबरठा लखलखीत आणि उंबरठ्यापलीकडचा जिना घाणेरडा, हे दृश्य मुंबईच्या चाळीपासून तालुक्याच्या संकुलापर्यंत सारखेच दिसते. भांडुपच्या मॉलचा ऱ्हास आगीच्या रात्री सुरू झाला नाही. हजार मालकांपैकी पहिल्या मालकाने ‘हे माझे काम नव्हे’ असे म्हटले, त्या दिवशी तो सुरू झाला.

धामणगाव बढेच्या बाजारात पुढच्या आठवड्यातही पाले पडतील. मिरचीच्या ठसक्याने शिंका येतील, भाव होईल, उधारी लिहिली जाईल. तेथे भाजी घेऊन बसलेल्या बाईला दिवसभरात एकदा निर्भयपणे पाणी पिता यावे, एवढी व्यवस्था जे गाव करील, त्या गावाच्या बाजाराला कोणत्याही मॉलची आणि कोणत्याही खोक्याची भीती बाळगण्याचे कारण नाही.